कंट्री हाउसमधली रहस्यकथा कशी वाचावी: गुप्तहेराच्या आधी उत्तर शोधू पाहणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या ग्रामीण भागातले एक प्रशस्त घर, शनिवार-रविवारसाठी तिथे जमलेली पाहुणेमंडळी, रात्री झालेला खून, आणि बाहेरून कोणी आत आलेच नव्हते हे सकाळी स्पष्ट झाल्यावर एकमेकांकडे संशयाने पाहू लागलेली दहा-बारा माणसे, एवढ्या सामग्रीवर दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात ब्रिटनमध्ये असंख्य कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. त्यांतल्या काही मराठीत अनुवादितही झाल्या आहेत आणि मूळ इंग्रजीतून त्या वाचणारा मराठी वाचकवर्ग तर फार जुना आहे. मात्र यातले बहुतेक वाचक खुनी ओळखताना एकच युक्ती वापरतात, ती म्हणजे ज्याच्यावर अजिबात संशय येत नाही त्याचेच नाव घ्यायचे. ही युक्ती अधूनमधून लागू पडते, पण तिने कोडे सुटत नाही, फक्त सोडत लागते. या कादंबऱ्यांत खरा पुरावा माणसांच्या चेहऱ्यांवर नसतो. तो घराच्या रचनेत, घराच्या वेळापत्रकात, नोकरांच्या कामात आणि त्या काळच्या इंग्रजी कायद्यात असतो. ज्या वाचकाला हे घर वाचता येते, तो गुप्तहेराच्या बरोबरीने चालू शकतो. ते कसे वाचावे, हे पुढे सांगितले आहे.

सर्वप्रथम लेखकाने वाचकाशी कोणता करार केला आहे ते ठाऊक असावे. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, १९२९ मध्ये या प्रकाराचे दहा नियम मांडले. खुनी हा कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे, उलगड्यात दैवी किंवा अमानवी शक्ती येता कामा नये, गुप्त खोली किंवा भुयार असेलच तर एकापेक्षा जास्त नको, विज्ञानाला अज्ञात असलेले विष वापरायचे नाही, योगायोगाने गुप्तहेराला मदत करायची नाही, आणि गुप्तहेराच्या हाती लागलेला प्रत्येक धागा वाचकासमोरही ठेवायचा, हे त्यांतले महत्त्वाचे. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, लंडनमध्ये डिटेक्शन क्लब ही रहस्यकथा लिहिणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. लेखक जी. के. चेस्टरटन तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि नव्या सदस्याला अशाच सचोटीची शपथ घ्यावी लागत असे. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये दिलेल्या वीस नियमांत तर घरातल्या नोकराला खुनी ठरवू नये असेही म्हटले होते. हे नियम सगळ्यांनी नेहमीच पाळले असे नाही, आणि काही उत्तम कादंबऱ्या तर नियम वाकवूनच उभ्या राहिल्या. तरीही वाचकाला त्यांतून मोठा आधार मिळतो. पुस्तकाचा पहिला पाव भाग संपला की संशयितांची यादी पूर्ण झाली, असे धरून चालायला हरकत नाही. अर्ध्या पुस्तकानंतर अवतरलेल्या अनोळखी माणसाचा विचार करण्यात वेळ घालवू नये.

एक वही घ्यावी. पहिल्या पानावर घराचा नकाशा, दुसऱ्या पानावर त्या रात्रीचे वेळापत्रक आणि तिसऱ्या पानावर कोण काय बोलले याची नोंद, एवढी तयारी पुरते.

नकाशावर जरा जास्त मेहनत घ्यावी, कारण अर्ध्या अडचणी तिथेच सुटतात. अनेक पुस्तकांत लेखकच नकाशा छापून देतो. दिला नसेल तर वर्णनावरून स्वतः काढावा. मुख्य दारातून आत आले की मधला मोठा हॉल, हॉलमधून वर जाणारा रुंद जिना, आणि हॉलभोवती दिवाणखाना, जेवणघर, ग्रंथालय, बिलियर्डची खोली, घरमालकाची अभ्यासिका. यांतल्या कोणत्या खोल्यांना फ्रेंच विंडो आहेत ते खूण करून ठेवावे. फ्रेंच विंडो म्हणजे जमिनीपर्यंत येणारी काचेची दारेच. त्यांतून थेट घराबाहेरच्या ओट्यावर किंवा हिरवळीवर पाऊल टाकता येते, म्हणजेच हॉलमध्ये बसलेल्या माणसाला न दिसता खोलीबाहेर पडता येते. ‘ग्रंथालयातून कोणीही बाहेर आले नाही, मी हॉलमध्येच होतो’ ही साक्ष त्यामुळे जितकी भक्कम वाटते तितकी नसते. बंदुकांची वेगळी खोली कुठे आहे, तिची किल्ली कुठे टांगलेली असते, टेलिफोन कुठे आहे आणि तिथे बोललेले कोणाला ऐकू जाते, हेही लिहावे. वरच्या मजल्यावर निजायच्या खोल्यांचा क्रम लावावा. पती-पत्नीच्या खोल्यांना जोडणारी कपडे करण्याची छोटी खोली असते, आणि तिचे दार कोणत्या बाजूने बंद होते हा प्रश्न बऱ्याच कथांत निर्णायक ठरतो.

घराचा दुसरा अर्धा भाग मात्र वाचकाच्या नजरेतून निसटतो. हिरव्या लोकरी कापडाने मढवलेले एक दार असते. त्या दारापलीकडे नोकरांचे जग सुरू होते, आणि कापड अशासाठी की तिकडचा आवाज आणि स्वयंपाकाचा वास इकडे येऊ नये. पलीकडे स्वयंपाकघर, बटलरची चांदीची भांडी ठेवण्याची खोली, नोकरांचे जेवणघर, आणि पोटमाळ्यापर्यंत जाणारा अरुंद मागचा जिना असतो. ज्यांनी जुना वाडा पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. दिंडी दरवाजावर कडक पहारा असला तरी परसदारातून सगळे गाव ये-जा करत असते. मुख्य जिन्यावर पहारा होता म्हणून वर कोणी गेले नाही, असे कोणी म्हणाले की वहीत मागचा जिना काढला आहे का ते पाहावे.

नोकरांची कामे समजून घेतली की त्यांच्या साक्षींचे मोल कळते. बटलर पुरुष नोकरांचा प्रमुख. दारूच्या तळघराची किल्ली, चांदीची भांडी आणि रात्री दारेखिडक्या लावण्याची जबाबदारी त्याच्याकडे. हाउसकीपर मोलकरणींवर देखरेख करते, तर हाउसमेड भल्या पहाटे उठून खालच्या खोल्यांचे पडदे उघडते आणि शेगड्यांतली राख काढून नवा विस्तव पेटवते. त्यामुळे रात्री शेगडीत काही जाळले गेले असेल, तर ते पहिल्यांदा तिच्या हाती लागते. मालकिणीची खास दासी कपडे, दागिने आणि पत्रे यांच्या सर्वांत जवळ असते. पाहुण्यांना सकाळचा चहा खोलीत नेऊन देणारी मुलगीच अनेकदा मृतदेह पहिल्यांदा पाहते. ही माणसे कोणत्याही खोलीत शिरली तरी ‘तिथे कोणी आले होते का’ या प्रश्नाला घरातले लोक प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देतात, कारण नोकर आला म्हणजे कोणी आले असे त्यांना वाटतच नाही. त्या समाजाचा हा आंधळेपणा होता आणि चांगल्या लेखकांनी त्याचा हेतुपूर्वक उपयोग केला. म्हणून नोकर बोलू लागला की वाचन सावकाश करावे. त्याने सहज सांगितलेली गोष्ट, कॉफीचा एक कप कमी भरला, कोळशाची बादली अपेक्षेपेक्षा लवकर रिकामी झाली, पाहुण्याच्या पलंगावर कोणी निजलेलेच नव्हते, ही बहुधा पुस्तकातली सर्वांत भरवशाची माहिती असते.

आता वेळापत्रक. या घरांतला दिवस घड्याळाच्या काट्यावर चालत असे, आणि लेखक तो काटा कुठे हलवतो यावर लक्ष ठेवायचे असते. न्याहारीला प्रत्येक जण आपापल्या वेळी उतरतो, त्यामुळे सकाळच्या गैरहजेरीचा फारसा अर्थ नसतो. दुपारचे जेवण एक-दीडला, चहा साडेचार-पाचला. रात्रीच्या जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी घंटा होते आणि सगळे कपडे बदलायला वर जातात. हा अर्धा तास वहीत लाल शाईने लिहावा. घरातला प्रत्येक माणूस त्या वेळी आपापल्या खोलीत एकटा असतो, कोणालाही दुसऱ्याची साक्ष देता येत नाही, आणि कोण किती वेळात तयार झाले हे कोणी विचारत नाही. जेवणानंतर स्त्रिया दिवाणखान्यात जातात, पुरुष पोर्ट वाइन पीत मागे थांबतात. म्हणजे मंडळी दोन गटांत विभागली जातात आणि एखादा माणूस दोन्ही गटांत नाही हे लगेच ध्यानात येत नाही. पुढे पत्त्यांचा डाव बसतो. ‘आम्ही चौघे अकरापर्यंत ब्रिज खेळत होतो’ हे वाक्य वाचून चौघांनाही निर्दोष ठरवणारे वाचक पुष्कळ आहेत. ब्रिजमध्ये प्रत्येक डावात एक खेळाडू डमी असतो, त्याची पाने टेबलावर उघडी मांडलेली असतात, आणि तेवढा वेळ तो उठून फिरायला मोकळा असतो.

मराठी वाचकाची सर्वांत जास्त फसगत होते ती उजेडाच्या बाबतीत. महाराष्ट्रात जूनमध्ये सात-सव्वासातला सूर्य मावळतो आणि आठपर्यंत मिट्ट काळोख होतो, म्हणून ‘रात्री नऊ’ हे शब्द वाचले की आपण मनात अंधार आणतो. उत्तर इंग्लंडमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य साडेनऊनंतर मावळतो, कारण १९१६ पासून तिकडे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली जातात, आणि मावळल्यावरही संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. उलट डिसेंबरात चार वाजण्यापूर्वीच सूर्य बुडालेला असतो, म्हणजे संध्याकाळचा चहा दिव्यांच्या प्रकाशात होतो. एखादा साक्षीदार म्हणाला की जूनमध्ये नऊ वाजता अंधारामुळे माणूस ओळखता आला नाही, तर आपल्याला ते स्वाभाविक वाटते, पण तिथल्या वाचकाला ते लगेच खटकते. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे वेळेबरोबर महिनाही लिहावा.

नकाशा आणि वेळापत्रक एकत्र कसे वापरायचे, याचा इतका नेटका नमुना दुसरा नसेल असे मला वाटते, तो विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ या १८६८ च्या कादंबरीत आहे. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या वेढ्यात एका इंग्रज अधिकाऱ्याने लुटलेला पवित्र हिरा यॉर्कशरमधल्या एका घरात मिस रेचल व्हेरिंडर हिला वाढदिवशी मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. इथे खून नाही तर चोरी आहे, पण बंद घर, पाहुणे, नोकर आणि लंडनहून आलेला पोलीस अधिकारी हा सगळा साचा इथूनच पुढच्या कादंबऱ्यांकडे गेला. रेचलच्या बसायच्या खोलीच्या दारावर नव्याने नक्षी रंगवलेली असते आणि कुलपाखालच्या भागात रंग थोडा फासटलेला दिसतो. स्थानिक सुपरिंटेंडंट सीग्रेव्ह ते पाहतो आणि मोलकरणींनी सकाळी खोलीत गर्दी केली तेव्हा त्यांच्या परकराने रंग पुसला असेल, अशी समजूत करून घेतो.

लंडनहून आलेला अधिकारी सार्जंट कफ त्याच डागापाशी थांबतो आणि तीन गोष्टी विचारतो. तो भाग रंगवून कधी झाला? बुधवारी दुपारी तीनला. हा रंग वाळायला किती वेळ लागतो? बारा तास, म्हणजे गुरुवारी पहाटे तीनला तो वाळलेला असणार. मोलकरणी तर सकाळी उशिरा आल्या. त्या वेळी वाळलेला रंग परकराने फासटणे शक्य नव्हते. आणि तो भाग धड असल्याचे शेवटचे कोणी पाहिले? पेनेलोप नावाच्या मुलीने, बुधवारी मध्यरात्री. एवढ्यावरून रात्री बारा ते पहाटे तीन या वेळात कोणीतरी त्या दारातून गेले आणि त्याच्या कपड्याला रंग लागला, हे सिद्ध होते. पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो: घरातल्या कोणत्या कपड्यावर तो डाग आहे, तो कपडा कोणाचा, आणि त्या वेळी तो माणूस तिथे काय करत होता? कफ धुण्याच्या कपड्यांची वही मागवतो. उत्तर इथे सांगत नाही, पण या प्रकरणात कोणाच्याही चेहऱ्याकडे, स्वभावाकडे किंवा भूतकाळाकडे न पाहता संशयाचा परीघ तीन तासांवर आणि एका कपड्यावर आला, हे नीट पाहून घ्यावे. वहीच्या दोन पानांचा उपयोग तो हाच.

धुण्याच्या कपड्यांची ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. १८६० च्या जूनअखेरीस इंग्लंडमधल्या रोड हिल हाउस या घरात केंट कुटुंबातल्या चार वर्षांच्याही आतल्या मुलाचा रात्री खून झाला. स्कॉटलंड यार्डहून आलेला इन्स्पेक्टर जोनाथन व्हिचर याने मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्यावर संशय धरला, आणि त्याचा मुख्य आधार होता तिचा हरवलेला रात्रीचा झगा. झगा सापडला नाही, कॉन्स्टन्सला सोडून देण्यात आले आणि प्रतिष्ठित घरातल्या मुलीवर आळ घेतल्याबद्दल व्हिचरची छीथू झाली. १८६५ मध्ये तिने स्वतःच गुन्हा कबूल केला. सार्जंट कफ हे पात्र घडवताना कॉलिन्सच्या डोळ्यांसमोर व्हिचर होता असे सर्वत्र मानले जाते. घरातल्या कपड्यांची मोजदाद, धोब्याची यादी, बदललेली चादर हे तपशील कोणत्याही कादंबरीत आले की ते घाईने ओलांडून जाऊ नयेत, ते यासाठी.

हेतू शोधायचा तर भावनांच्या आधी कागद पाहावेत, आणि कागदांत मृत्युपत्र आधी. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यातले दोन मुद्दे लक्षात ठेवले तर बरेच काही स्वच्छ दिसते. पहिला असा की मृत्युपत्र करणाऱ्याची सही दोन साक्षीदारांच्या एकत्र उपस्थितीत व्हावी लागते, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मालकिणीने दुपारी बागेतल्या दोन माळ्यांना आत बोलावून कशावर तरी सही करायला लावली, असे सहज सांगितले असेल, तर बहुधा नवे मृत्युपत्र झाले आहे आणि त्यात त्या माळ्यांना काही नाही, एवढे वाचकाने तत्काळ ओळखले पाहिजे. दुसरा मुद्दा आपल्याला सहज सुचत नाही. त्या कायद्याप्रमाणे लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र रद्द होते. आपल्याकडे हिंदू व्यक्तीचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या सधन विधवेने अचानक दुसरे लग्न केल्याचा उल्लेख आपण केवळ कौटुंबिक कुरबुरीचा विषय म्हणून वाचतो. इंग्रज वाचकाला मात्र तिथेच कळते की जुन्या मृत्युपत्रावर डोळा ठेवून बसलेले सगळे जण एका दिवसात उघडे पडले आहेत. अशा प्रसंगी वहीत दोन याद्या कराव्यात, लग्नापूर्वी मृत्यू आला असता तर कोणाला मिळाले असते आणि आता कोणाला मिळेल.

विषप्रयोग असेल तर विष घरात कसे आले हा प्रश्न कोणी दिले या प्रश्नाच्या आधी सोडवावा. १८५१ च्या कायद्याने सोमल (आर्सेनिक) विकणाऱ्याला नोंदवहीत खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि कारण लिहून त्याची सही घेणे बंधनकारक झाले, आणि थोड्या प्रमाणात विकायच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळावी लागे, जेणेकरून तो साखर किंवा पीठ समजून कोणी खाऊ नये. म्हणून या कादंबऱ्यांत गावातल्या औषधविक्रेत्याची वही वारंवार उघडली जाते, आणि ती टाळण्यासाठी माशा मारण्याचे विषारी कागद, बागेतले तणनाशक, डॉक्टरची उघडी राहिलेली पेटी असे मार्ग येतात. अगाथा ख्रिस्ती यांना हे सारे आतून ठाऊक होते. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्की इथल्या रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या आणि त्यासाठीची परीक्षाही उत्तीर्ण झाल्या होत्या. त्यांच्या पुस्तकात एखाद्या औषधाच्या बाटलीचे वर्णन गरजेपेक्षा एक ओळ जास्त असेल, तर ती ओळ वहीत उतरवावी.

इन्क्वेस्टचे प्रकरण कंटाळवाणे म्हणून गाळणारे वाचक मोठी चूक करतात. इन्क्वेस्ट म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी; ती कॉरोनर नावाचा, त्यासाठीच नेमलेला अधिकारी ज्यूरीसमोर करत असे; मुंबईतही गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत कॉरोनरचे न्यायालय होते, त्यामुळे ही व्यवस्था आपल्याला पूर्णपणे परकी नाही. इथे पात्रे पहिल्यांदाच शपथेवर बोलतात. तिसऱ्या पानावर आधी लिहिलेले त्यांचे बोलणे आणि हे शपथेवरचे बोलणे शेजारी ठेवावे. ‘मी दार बंद असलेले पाहिले’ याचे ‘दार बंद असावे’ झाले असेल, तर त्या माणसाला मधल्या दिवसांत काहीतरी कळले आहे. त्याचबरोबर निवेदकाने स्वतःच्या आवाजात सांगितलेले आणि पात्राच्या तोंडून आलेले यांत काटेकोर फरक करावा. तटस्थ निवेदक बाईंच्या हातात पत्र होते असे म्हणतो तेव्हा ते खरे धरता येते. बाईंना पत्र आले होते असे भाची म्हणते तेव्हा फक्त भाची तसे म्हणाली एवढेच खरे असते. कथा पात्रच सांगत असेल तर ही सवलतही उरत नाही.

या कादंबऱ्यांत परदेशी माणसे, ज्यू, नोकर आणि वसाहतींतून परतलेले लोक यांच्याविषयी पूर्वग्रह सर्रास दिसतात आणि ते वाचताना मनाला लागतात. त्याकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणणार नाही. पण कोडे सोडवताना एवढे पाहावे की पात्रांचा सगळा रोख ज्या परक्या माणसाकडे लवकर वळतो, तो बहुधा वाचकाची नजर दुसरीकडे नेण्यासाठी ठेवलेला असतो.

सगळ्यांना दिवाणखान्यात एकत्र बोलावले जाते, त्या प्रकरणाच्या आधी पुस्तक बंद करावे आणि वहीत तीन उत्तरे लिहावीत: कोणी, कोणत्या मिनिटांत, आणि कोणत्या दारातून. केवळ नाव बरोबर आले आणि मिनिटे व दार चुकले, तर कोडे सुटले असे मानू नये. उलगडा वाचून झाल्यावर पहिली चार-पाच प्रकरणे लगेच पुन्हा वाचावीत, कारण धागे डोळ्यांसमोर कसे ठेवले होते ते फक्त दुसऱ्या वाचनातच दिसते. सुरुवात ‘द मूनस्टोन’पासून करावी, त्यानंतर ख्रिस्ती यांची १९२० मधली पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ घ्यावी, तिच्यात नकाशा, मृत्युपत्र, विष आणि इन्क्वेस्ट हे सगळे एकत्र सापडते. १९२६ ची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ थोडा सराव झाल्यावर वाचावी, आणि ती हाती घेण्यापूर्वी तिच्याविषयी कोणाशीही बोलू नये, प्रस्तावना आणि मलपृष्ठावरचा मजकूरही वाचू नये.